शाळेचे खुराडे आणि शाळेची परसबाग

शनिवारी शाळेची शेवटची घंटा होते, वर्गांना कुलपे लागतात आणि शिक्षक व विद्यार्थी आपापल्या घरी जातात. फळ्यावर अर्धे राहिलेले गणित सोमवारपर्यंत थांबू शकते. नकाशे, पुस्तके आणि प्रयोगशाळेतील काचपात्रे यांनाही सुट्टीचा काही त्रास होत नाही. परंतु शाळेच्या आवारात पंचवीस कोंबड्या असतील, तर रविवार म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसते. त्यांना सकाळी पाणी हवे, दाणा हवा आणि सूर्यास्ताच्या वेळी खुराड्याचे दार बंद करणारा कोणीतरी हवा. ते दार एक दिवस उघडे राहिले, तर मुंगूस किंवा रानमांजर त्या एका रात्रीत वर्षभराचे काम संपवू शकते.

कुक्कुटपालन आणि बागकाम शाळेत सुरू करण्याचा विचार जे करतात, त्यांनी प्रथम ह्या गोष्टीचा विचार करणे आवश्यक आहे. अशा उपक्रमातील खरी अडचण पैशाची किंवा जागेची क्वचितच असते. सजीवांची जबाबदारी एकदा स्वीकारल्यावर ती वेळापत्रकातील एका तासापुरती मर्यादित राहत नाही, हीच खरी अडचण होय. आणि ह्या उपक्रमाचे शैक्षणिक मूल्यही नेमके तेथेच आहे.

जुनी कल्पना

शाळा आणि शेती यांची सांगड घालण्याची कल्पना भारतास नवी नाही. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९२२ साली बंगालमध्ये श्रीनिकेतनची स्थापना केली. इंग्लंडमधून आलेले कृषितज्ज्ञ लेनर्ड एल्महर्स्ट त्या कामी त्यांचे सहकारी होते. तेथे शेती, गोपालन, कुक्कुटपालन व विणकाम हे ग्रामसुधारणेचे अंग मानले गेले. १९२४ साली सुरू झालेल्या शिक्षासत्र ह्या शाळेत खेड्यातील मुले हातांनी काम करीत करीत शिकत. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली. सूतकताईप्रमाणेच शेती आणि भाजीपाल्याची व फळांची बाग यांनाही त्या योजनेत मूलोद्योगाचे स्थान होते.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे तयार झालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात शेती व पशुपालन हा एक विभाग असून, कोंबड्यांचे संगोपन हे त्यातील एक प्रात्यक्षिक आहे. केंद्र शासनाने २०१९ साली शालेय पोषणबागेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. शाळेच्या आवारात पिकलेली भाजी मध्यान्ह भोजनात वापरली जावी आणि मुलांस निसर्गाचे प्रत्यक्ष ज्ञान व्हावे, हा त्यांचा हेतू होता.

कोंबडीचे कुळ

कोंबडी हा पक्षी आशियाचाच आहे. दक्षिण व आग्नेय आशियातील अरण्यांत राहणारा तांबडा रानकोंबडा हा तिचा मूळ पूर्वज होय. परंतु तिच्या रक्तात आणखीही एक अंश आहे. अनेक कोंबड्यांच्या कातडीचा व पायांचा पिवळा रंग तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून तो भारतातील करड्या रानकोंबड्याकडून आला आहे, असे २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. हा करडा रानकोंबडा सह्याद्रीच्या जंगलांत आजही आरवतो.

आजची कोंबडी अरण्यातील पूर्वजांच्या सवयी विसरलेली नाही. ती जमीन उकरते, धुळीत लोळून अंग स्वच्छ करते, अंधार पडताच उंच जागी बसू पाहते आणि अंडी घालण्यास आडोसा शोधते. चांगले खुराडे म्हणजे ह्या चार सवयींना जागा देणारे खुराडे, एवढे सूत्र ध्यानात ठेविले तरी रचनेतील पुष्कळ चुका टळतात.

आरंभीचे गणित

खुराडे बांधण्यापूर्वी हिशेब मांडावा. समजा, एका शाळेने पंचवीस कोंबड्या पाळण्याचे ठरविले. अंडी देणारी एक कोंबडी दिवसास सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे पंचवीस कोंबड्यांस रोज पावणेतीन किलो आणि वर्षास सुमारे १,००० किलो खाद्य लागेल. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसात पाळण्यासाठी तयार केलेल्या 'ग्रामप्रिया' जातीच्या कोंबडीने वर्षास १६० अंडी दिली असे धरल्यास एकूण अंडी ४,००० होतात. म्हणजे दिवसास सुमारे ११.

शाळेचा पट १५० असेल, तर ह्या हिशेबाने प्रत्येक मुलाच्या वाट्यास दोन आठवड्यांतून एक अंडे येईल. तमिळनाडूसारख्या राज्यात शाळेतील भोजनात अंडे हा नित्याचा पदार्थ झाला आहे. पण ती अंडी मोठ्या कुक्कुटशाळांतून विकत घेतली जातात. पंचवीस कोंबड्यांच्या खुराड्याने साऱ्या शाळेचे पोषण होईल असे आश्वासन आरंभी दिले, तर वर्षअखेरीस निराशा पदरी येते आणि चांगला उपक्रम व्यर्थ ठरविला जातो. म्हणून हेतू स्पष्ट असावा. येथे पिकणारे मुख्य पीक ज्ञानाचे आहे. अंडी आणि भाजी हा त्याबरोबर मिळणारा लाभ आहे.

ह्याच टप्प्यावर आणखी एका प्रश्नाचा निर्णय व्हावा. परसातील जातींची पिल्ले बहुधा नर-मादी न निवडता मिळतात, म्हणून त्यांतील जवळजवळ निम्मी पिल्ले नर निघतात. ह्या कोंबड्यांचे पुढे काय करावयाचे? काही घरांत अंडे चालते, काही घरांत चालत नाही. कोंबडा नसतानाही कोंबडी अंडी देते आणि अशा अंड्यांतून पिल्लू निघू शकत नाही, ही माहिती पालकांस सांगावी; परंतु तेवढ्याने सर्वांचे समाधान होईल असे गृहीत धरू नये. पालकांची सभा पिल्ले आणण्यापूर्वीच घ्यावी. ज्यांच्या घरी अंडे चालत नाही, त्या मुलांस बागेचे काम द्यावे. नर पिल्ले मोठी झाल्यावर कोणास द्यावयाची, हेही त्याच सभेत ठरवावे. मुलांनी नावे ठेविलेले कोंबडे एके दिवशी काही न सांगता नाहीसे झाले, तर त्यातून मुले जो धडा शिकतात तो कोणत्याही शाळेस भूषणावह नाही.

निवारा

पंचवीस कोंबड्यांसाठी दहा फूट लांब व आठ फूट रुंद खोली पुरते. प्रत्येक पक्ष्यास सुमारे तीन चौरस फूट जागा मिळते. खोलीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन आत कमी शिरते. कोंबडीस घाम येत नाही. उन्हाळ्यात ती चोच उघडून धापा टाकते आणि अशा प्रकारे शरीरातील उष्णता बाहेर टाकते. म्हणून राजस्थान किंवा विदर्भ यांसारख्या उष्ण प्रदेशांत छपरावर गवताचे आच्छादन घालावे आणि भोवती सावली देणारी झाडे लावावी. आसाम, मेघालय किंवा कोकण येथे शत्रू निराळा आहे, तो म्हणजे ओल. तेथे जोते उंच असावे किंवा खुराडे खांबांवर उभारावे.

भिंती खाली दीड-दोन फूट भरीव आणि वर बारीक जाळीच्या असाव्या. जाळीचा पाया जमिनीत फूटभर पुरल्यास मुंगूस व घुशी यांस बीळ करून आत शिरता येत नाही. जमिनीवर भाताच्या तुसाची किंवा लाकडाच्या भुशाची जाड गादी पसरावी व ती आठवड्यातून दोन वेळा खालीवर करावी. बसण्यासाठी दहा फुटांचे दोन दांडे आणि अंड्यांसाठी पाच अंधारी खोकी पुरेशी आहेत. नाकास अमोनियाचा उग्र वास जाणवू लागला, तर गादी ओली झाली आहे किंवा हवा खेळत नाही असे समजावे.

पिल्ले, खाद्य आणि पाणी

अंड्यातून पिल्लू बाहेर येण्यास २१ दिवस लागतात. एखादी गावठी कोंबडी खुडूक झाली असेल, तर तिच्याखाली दहा-बारा सफल अंडी ठेवून मुलांस हा चमत्कार पाहता येतो. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडे दिव्यापुढे धरले, तर आत कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे पसरलेल्या रक्तवाहिन्या दिसतात. विकत आणलेल्या एक दिवसाच्या पिल्लांस मात्र आई नसते. त्यांस पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्यास ती सुमारे तीन अंशांनी कमी करावी. ह्यासाठी उष्मामापकापेक्षाही चांगला मार्गदर्शक म्हणजे पिल्ले स्वतः. ती दिव्याखाली गर्दी करून चिवचिवाट करीत असतील, तर त्यांस थंडी वाजत आहे. दिव्यापासून दूर पळाली असतील, तर उष्णता अधिक झाली आहे. आणि सर्वत्र सारखी पसरून दाणे टिपीत असतील, तर सर्व ठीक आहे. ज्या शाळेस अनुभव नाही, तिने पहिल्या वर्षी लस दिलेली सहा-आठ आठवड्यांची वाढलेली पिल्ले आणणे श्रेयस्कर.

अंड्यावर येण्यापूर्वीच्या तलंगांस वाढीचे खाद्य द्यावे. अंडी सुरू झाल्यावर मात्र खाद्यात चुन्याचा अंश वाढवावा लागतो. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि कोंबडीस ते रोज नव्याने मिळवावे लागते. म्हणून शिंपल्यांची भरड वेगळ्या भांड्यात ठेवावी. कवच पातळ येऊ लागले, तर कारण प्रथम येथे शोधावे.

खाद्य कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवावे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर बुरशी आली होती, आणि त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन ह्या विषाची ओळख जगास झाली. बुरशी आलेले धान्य 'कोंबड्यांस चालेल' असे म्हणून शाळेस देऊ करणारे दाते भेटतात. त्यांस नम्रपणे नकार द्यावा.

रोग आणि स्वच्छता

कोंबड्यांच्या रोगांत मानमोडी हा सर्वांत घातक. १९२६ साली तो इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आढळला आणि त्यानंतर लवकरच भारतात कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे त्याची नोंद झाली. म्हणून आपल्याकडे त्यास राणीखेत रोग म्हणतात. मुक्तेश्वर येथील पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत १९४० च्या सुमारास त्यावर लस तयार झाली. पहिल्या आठवड्यात लसीचे थेंब नाकात किंवा डोळ्यात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास दुसरी मात्रा आणि आठ ते दहा आठवड्यांच्या वयात टोचणी, असा सामान्य क्रम आहे. निश्चित वेळापत्रक तालुक्याच्या पशुवैद्यकाकडून लिहून घ्यावे आणि ते खुराड्याच्या दारावर लावावे.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथमच बर्ड फ्ल्यू आढळला आणि त्या भागातील लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. म्हणून शाळेत एक नियम कठोरपणे पाळावा. एकाच वेळी अनेक पक्षी मेले, तर मुलांनी त्यांस हात लावू नये, खुराडे बंद करावे आणि शिक्षकांनी त्याच दिवशी पशुवैद्यकास कळवावे. नित्याचा नियम त्याहून सोपा आहे. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून खुराड्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने साबणाने हात धुवावे आणि हात धुण्याची जागा खुराड्याच्या दाराशीच असावी. ती लांब असेल, तर नियम कागदावरच राहतो.

खुराड्यातून वाफ्याकडे

एक कोंबडी दिवसास सुमारे १०० ग्रॅम विष्ठा टाकते. पंचवीस कोंबड्यांची वर्षाची विष्ठा ९०० किलोंच्या आसपास जाते. हीच बागेची संपत्ती होय. परंतु ताजी विष्ठा झाडांच्या मुळाशी घातली, तर तिच्यातील तीव्र नत्राने रोपे करपतात आणि रोगजंतूंचीही भीती राहते. ती प्रथम कुजविली पाहिजे.

सेंद्रिय खत करण्याची शास्त्रीय रीत भारतातच विकसित झाली. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ ह्या काळात इंदूर येथे ती बसविली आणि 'इंदूर पद्धत' ह्या नावाने ती जगभर गेली. वाळलेला पाला, काडीकचरा व विष्ठायुक्त भुसा यांचे थर देऊन एक मीटर लांब, रुंद व उंच असा ढीग करावा, तो ओलसर ठेवावा आणि अधूनमधून उलटावा. दोन-तीन दिवसांत ढिगाच्या पोटातील उष्णता ५५ अंशांवर जाते. आत खुपसलेली लोखंडी सळई बाहेर काढून हातास चटका बसतो की नाही हे पाहणे, हा जंतूंच्या कार्याचा मुलांस पटणारा पुरावा आहे. तीन महिन्यांत काळे, मातीचा वास असलेले खत तयार होते.

बागेस दहा मीटर लांब-रुंद जागा आरंभास पुरे. वाफे एक मीटर रुंदीचे असावे, म्हणजे लहान मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचतो आणि माती तुडवली जात नाही. शेवगा व पपई उत्तरेच्या कडेस लावावी, म्हणजे त्यांची सावली वर्षाचा बहुतेक काळ वाफ्यांवर पडणार नाही. मेथी व माठ महिन्याभरात कापणीस येतात. मुलांचा उत्साह टिकविण्यास ही पिके प्रथम घ्यावी. त्यामागून भेंडी, चवळी आणि मांडवावर दुधी किंवा दोडका. चवळीचे रोप उपटून मुळांवरील गाठी चिरल्या, तर आत गुलाबी रंग दिसतो. हवेतील नत्र बांधणाऱ्या जंतूंचे ते घर आहे.

कोंबड्यांस मात्र उगवत्या वाफ्यांपासून दूर ठेवावे. कोंबडी किडे खाते हे खरे, पण कोवळे रोप आणि कीड यांत ती भेद करीत नाही. पीक निघाल्यानंतर रिकाम्या वाफ्यात तिला सोडावे. जमीन उकरण्याचे काम ती आनंदाने करील.

अंडे आणि पालेभाजी यांची ताटातील जोडीही अभ्यासण्यासारखी आहे. अंड्यात उत्तम प्रथिने व बी-१२ जीवनसत्त्व आहे, परंतु सी जीवनसत्त्व नाही. पालेभाजीत सी आहे, परंतु बी-१२ नाही. एकाची उणीव दुसरे भरून काढते.

नोंदवही

ह्या उपक्रमातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे साधन म्हणजे नोंदवही. तिच्यात रोजचे खाद्य, पाणी, अंडी, सर्वाधिक व किमान उष्णता, मृत्यू आणि त्या दिवशी काम करणाऱ्या मुलांची नावे लिहावी. एका अंड्यामागे किती ग्रॅम खाद्य लागले, हा भागाकार मुलांस पाठ्यपुस्तकातील उदाहरणाहून अधिक जवळचा वाटतो.

काही प्रश्न ह्या वहीतूनच उभे राहतात. डिसेंबरात अंडी का घटली? कोंबडीचे अंडी देणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. दिल्लीस डिसेंबरात दिवस सव्वादहा तासांच्या आसपास असतो, तर कन्याकुमारीस तो साडेअकरा तासांहून मोठा असतो. दोन दूरच्या शाळांनी आपल्या नोंदी पत्राने एकमेकींस पाठविल्या, तर भूगोल आणि जीवशास्त्र एकाच पानावर येतील. बागेतही असाच प्रयोग करता येतो. माठाचे तीन सारखे वाफे करावे. एकास खत देऊ नये, दुसऱ्यास शेणखत आणि तिसऱ्यास कोंबडखत द्यावे. बियाणे व पाणी सारखेच ठेवावे. तिन्हींची भाजी तोलून पाहिली, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा प्रयोगशास्त्राचा पहिला नियम मुलांस वेगळा शिकवावा लागत नाही.

उन्हाळ्याची सुट्टी

बहुतेक शाळांतील असे उपक्रम रोगाने मरत नाहीत. ते सुट्टीत मरतात. मे महिन्यात ऊन सर्वांत कडक असते आणि नेमके तेव्हाच शाळेत कोणी नसते. 'कोणीतरी पाहील' ही व्यवस्था नव्हे. यावर दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे पाळी. शाळेजवळ राहणारी सात कुटुंबे निवडून प्रत्येकाकडे आठवड्याचा एक दिवस सोपवावा आणि त्या दिवसाची अंडी त्या घरास द्यावी. कोंबड्या मात्र घरोघर वाटून पुन्हा परत आणू नयेत. परतताना त्या गावातील रोग बरोबर आणतात.

दुसरा मार्ग अधिक सुरक्षित आहे. जुलैत पिल्ले आणावी. डिसेंबर-जानेवारीत ती अंड्यांवर येतील आणि शाळा संपेपर्यंत मुलांस अंडी व नोंदी दोन्ही मिळतील. वर्षअखेरीस सर्व कोंबड्या, ज्या मुलांनी त्यांची सेवा केली त्यांच्या घरी कायमच्या द्याव्या. त्यानंतर खुराड्यातील गादी खताच्या ढिगात टाकावी, भिंतींस चुना लावावा आणि खोली दोन महिने रिकामी ठेवावी. सर्व पक्षी एकत्र आणणे आणि एकत्र बाहेर काढणे, हा कुक्कुटशास्त्रातील रोगप्रतिबंधाचा मान्य नियमच आहे. ह्या रीतीने अर्धीअधिक अंडी शाळेस न मिळता घरांस मिळतात. परंतु त्याबरोबर लस केव्हा द्यावी, खाद्य कसे राखावे आणि खत कसे कुजवावे, हे ज्ञानही त्या घरांत पोचते.

बागेसही असाच विसावा द्यावा. एप्रिलअखेर वाफे पाल्याने झाकावे, शेवग्याच्या व पपईच्या आळ्यांस आठवड्यातून दोनदा पाणी मिळेल अशी सोय करावी आणि पुढील वर्षाचे बी चांगल्या झाडांवर पिकू देऊन ते वाळवून राखेत ठेवावे. बियांच्या पुडीवर पिकाचे नाव व वर्ष लिहावे.

जून महिन्यात शाळा उघडते. नव्या इयत्तेतील मुले रिकामे, चुना दिलेले खुराडे पाहतात, आणि वरच्या वर्गातील मुले त्यांस वही उघडून दाखवितात: पाणी किती, खाद्य किती, दार बंद करण्याची वेळ कोणती. मागील वर्षी कोठे चूक झाली तेही त्यात लिहिलेले असते. ज्या शाळेत ही वही एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जाऊ लागली, त्या शाळेत उपक्रम रुजला असे समजण्यास हरकत नाही.